भरल्या पिकअपचा काटा घाटात लाल, हायवेला मात्र नॉर्मल. हेड खोलण्याआधी काय काय तपासू?

गुहागर_बागायत:

नमस्कार मंडळी. घरची पिकअप आहे, २०१० चं मॉडेल, अडीच लिटर टर्बो डिझेल. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे आहे, एसी नाही. एरवी खत, चिरे, काजू अशी जवळपासची वाहतूक असते, तेव्हा गाडीची काही तक्रार नसते. एप्रिल लागला की आंब्याच्या पेट्या भरून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड करत पुण्याच्या मार्केट यार्डात जायचं असतं, आणि नेमकी तिथेच गाडी दगा देते आहे.

पोफळी मागे पडून खरा चढ लागला की काटा हलायला लागतो. निम्म्या घाटात तो पाऊण भागावर असतो, वरच्या वळणांवर लाल रेषेला टेकतो. बाजूला घेऊन थांबलं की हळूहळू उतरतो. हेळवाक ओलांडलं की पुढे काही त्रास नाही. कराड-पुणे हायवेला तीच गाडी, तेवढाच माल, सत्तरचा वेग, आणि काटा निम्म्यावर स्थिर. चिपळूणच्या बाजारपेठेत गर्दीत अडकलो तर मात्र रिकाम्या गाडीचाही काटा थोडा वर सरकतो.

आतापर्यंत रेडिएटरचं झाकण नवीन टाकलं, त्याची जाळी बाहेरून धुतली. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला आपल्याकडे त्याची गरज नाही. फरक काही पडला नाही. पाणी थोडं कमी होतं, पण फक्त घाटात तापल्यावर. आता मिस्त्री म्हणतोय की हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल. खर्चाला मी नाही म्हणत नाही. पण एकदा हेड खोललं की गाडी किती दिवस उभी राहील ते सांगता येत नाही, आणि आंबा काही झाडावर थांबत नाही. त्याआधी मला स्वतःला काय तपासता येईल?

जुनं_डिझेल:

दादा, लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं काम तिथेच झालं. बहुतेक लोक फक्त "गाडी तापते" एवढंच लिहितात आणि मग सगळे मिळून एकेक पार्ट बदलायला सांगतात.

तुमची गाडी दोन ठिकाणी तापते, घाटात आणि बाजारात. एका ठिकाणी इंजिन जीव तोडून काम करतंय, दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ नुसतं चालू आहे. दोन्हीकडे सारखी गोष्ट एकच: गाडीचा वेग कमी आहे आणि समोरून वारा नाही. अशा वेळी रेडिएटरमधून हवा ओढायचं काम एकट्या फॅनवर येतं. हायवेला सत्तरने जाताना फॅन नसला तरी वाऱ्यावर भागतं. म्हणून माझा पहिला संशय फॅन आणि हवेच्या वाटेवर आहे.

हायवेला गाडी शांत चालते म्हणून रेडिएटर आतून शंभर टक्के मोकळा आहे असं मात्र धरू नका. सपाटीला सत्तरने जायला जेवढी ताकद लागते त्याहून जास्त दुसऱ्या गिअरमध्ये भरली गाडी घाट चढवायला लागते. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमधून बाहेर टाकावा लागतो, त्यामुळे ताकद वाढली की रेडिएटरवरचा भारही तेवढाच वाढतो. अर्धवट बुजलेली जाळी सपाटीला निभावून नेईल आणि घाटात उघडी पडेल. पण रिकामी गाडी बाजारात का तापते, हे नुसत्या बुजलेल्या जाळीने समजावता येत नाही. ते फॅनकडेच बोट दाखवतं.

तुमच्या गाडीचा फॅन सरळ पुलीवर बोल्टने बसवलाय की मधे गोल अॅल्युमिनियमचा डबा आहे? डबा असेल तर तो व्हिस्कस कपलिंग, म्हणजे गरम झाल्यावर फॅनला घट्ट धरून फिरवणारा तेलाचा जोड. समोर मधोमध चपटी गुंडाळलेली स्प्रिंग दिसेल. फोटो टाका. आणि फॅनभोवतीचा काउल (हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून असलेलं आवरण) जागेवर आहे का तेही बघून सांगा.

मोकळा_घाट:

कुंभार्ली, आंबा, गगनबावडा, तिन्ही घाटांत गाडी चालवतो, म्हणून निदानाच्या आधी एक सांगतो. दादा, दुरुस्ती होईपर्यंत काटा लाल व्हायची वाट बघू नका. पाऊण भागावर आला की रुंद जागा बघून बाजूला घ्या.

थांबलात की लगेच चावी बंद करू नका. पाणी बाहेर फेकत नसेल, वाफ नसेल, तर इंजिन जरा जास्त आरपीएमवर चालू ठेवा, म्हणजे पंप आणि फॅन फिरत राहतात. केबिनचा हीटर असेल तर पूर्ण गरम करून ब्लोअर सोडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा उतरला की मग बंद. पण पाइप फुटलाय, पाणी संपलंय, वाफ येतेय, असं असेल तर त्याच क्षणी बंद करायचं. पाणीच नसताना इंजिन चालू ठेवून उपयोग नाही, उलट हेड वाकेल.

झाकण गरम असताना उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर मोसमात कुणीतरी हात भाजून घेतो. अर्धा-पाऊण तास द्या. रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी) हाताने दाबून बघा, मऊ लागला तरच ओला जाड फडका घेऊन पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू दे, मग काढा. तापलेल्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी एकदम ओतू नका. ओतायचंच असेल तर इंजिन निवल्यावर, चालू ठेवून, बारीक धारेने.

आणि पेट्या ताडपत्रीखाली गच्च कोंडू नका. गाडी उभी राहिली तर फळाला हवा लागली पाहिजे.

यंत्रशाळा:

पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवतो. थर्मोस्टॅटबद्दल लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण तो काढून टाकण्याचा सल्ला महाराष्ट्रभर दिला जातो आणि तो चुकीचा आहे.

थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि पंच्याण्णवच्या आसपास पूर्ण उघडतो. तोवर कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासने इंजिनातच फिरतं. पुष्कळ डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूने आणखी एक चकती असते. मुख्य वाट उघडताना ती चकती बायपासची वाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि कूलंटचा बराचसा भाग रेडिएटरला न शिवता पुन्हा इंजिनात शिरतो. म्हणजे गार ठेवण्यासाठी केलेल्या गोष्टीमुळे घाटात गाडी जास्त तापते. सपाटीला उलट इंजिन थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, अॅव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं.

जुना थर्मोस्टॅट ठेवला असेल तर घरीच तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने असा टांगा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. कोणत्या अंशाला हलायला लागतो, उकळी येईपर्यंत किती उघडतो, निवल्यावर पूर्ण बंद होतो का, हे डोळ्यांनी दिसतं. अंशांचा आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

झाकणाबद्दलही सांगतो. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकण ०.९ बारचा दाब धरत असेल तर तेच पाणी ११८-११९ पर्यंत उकळत नाही. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), निम्मं पाणी असेल तर हा आकडा १२५ च्या पुढे जातो. घाट चढताना वातावरणाचा दाब कमी होतो, साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू १ अंशाने खाली येतो. झाकण दाब धरत असेल तर याची चिंता नको. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर मात्र काटा लाल होण्याआधीच पाणी बाहेर पडू लागतं. तुम्ही नवीन झाकण टाकलंय, पण त्यावरचा आकडा जुन्याशी जुळतो का ते बघा.

पार्ट्सताई:

मी स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवते, म्हणून झाकणाबाबत यंत्रशाळा सरांना दुजोरा देते. गिऱ्हाईक "रेडिएटरचं झाकण द्या" एवढंच म्हणतं, आणि बसलं की झालं असं समजतं. तोंडाचा घेर सारखा पण दाबाचा आकडा वेगळा, अशी झाकणं सर्रास मिळतात. जुनं झाकण सोबत घेऊन जा.

दादा, रेडिएटरमध्ये सध्या काय आहे? कूलंट की विहिरीचं पाणी?

गुहागर_बागायत:

ताई, सध्या पाणीच आहे. थर्मोस्टॅट काढताना कूलंट सांडलं, त्यानंतर विहिरीचंच भरत आलोय. आपल्याकडे थंडीत पाणी गोठत नाही, म्हणून कूलंट एवढं लागत नाही असं गॅरेजमध्येही सांगितलं गेलं.

फॅनला मधे गोल डबा आहे, स्प्रिंगही दिसते. फोटो जोडतोय. काउलचा वरचा अर्धा भाग आहे, खालचा नाही. तो कधी गेला ते आठवत नाही, गाडी सेकंडहँड घेतलेली आहे.

पार्ट्सताई:

दादा, कूलंट फक्त गोठू नये म्हणून असतं हा समज काढून टाका. आपल्या हवेत त्याची खरी कामं दोन. उकळण्याचा अंश वर नेणं आणि आतल्या धातूला गंजापासून वाचवणं. तुमच्या इंजिनात लोखंड आहे, अॅल्युमिनियम आहे, पंपाचा पंखा आहे, सगळे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात आहेत. देशावरच्या बोअरचं पाणी जड असतं, ते तापलं की क्षार जाळीत आणि हेडच्या वाटांमध्ये धरतात. कोकणातलं पाणी त्या मानाने मऊ, पण खाडीकाठच्या विहिरींना खारटपणा असतो, आणि तो खारटपणा अॅल्युमिनियम कुरतडतो.

डिस्टिल्ड वॉटर आणि कॉन्सन्ट्रेट निम्मं-निम्मं घाला, किंवा तयार मिश्रणाचा डबा घ्या. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, कारण तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणारे आणि कॉन्सन्ट्रेट तसंच ओतणारे, दोन्ही रोज भेटतात. नुसतं कॉन्सन्ट्रेट जास्त चांगलं असं नाही. पाणी उष्णता जेवढी वाहून नेतं तेवढी ग्लायकॉल नेत नाही. आणि जुन्या हिरव्यात नवीन केशरी मिसळू नका, आधी सगळं काढून साध्या पाण्याने धुवा.

जुनं_डिझेल:

फोटो पाहिला. स्प्रिंगभोवती काळपट तेलकट धूळ चिकटलेली दिसतेय, तीही फॅनच्या फिरण्याच्या दिशेने पसरलेली. कपलिंगच्या आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. ते गळलं की डबा फॅनला जोराने फिरवू शकत नाही. हे जवळजवळ पुरावाच आहे, पण खात्री करून घ्या.

सकाळी गाडी गार असताना, इंजिन बंद, चावी काढून खिशात. फॅन हाताने जोरात फिरवा. चांगलं कपलिंग हाताला जड लागतं आणि फॅन फार तर एखादी फेरी मारून थांबतो. तुमचा भिंगरीसारखा फिरत राहिला तर कपलिंग गेलं. पात्याचं टोक पुढे-मागे हलवून बघा, डब्यात खेळ असेल तर बेअरिंगही गेलंय. मग गाडी घाटात तापवून आणा, बंद करा, आणि त्याच वेळी पुन्हा फिरवून बघा. गरम असताना तो गारपेक्षा स्पष्टपणे घट्ट लागायला हवा.

कपलिंग चांगलं असेल तर घाटात काटा वर जाऊ लागला की अचानक बसच्या फॅनसारखा मोठा घोंघाट सुरू होतो. तसा आवाज तुमच्या गाडीत कधी ऐकलाय का?

आणि काउलचा खालचा भाग नाही हे किरकोळ समजू नका. काउल नसेल तर फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी इंजिनाची गरम हवाच मागून ओढून पुन्हा पुढे फेकतो. पाती काउलच्या आत निम्मी आणि बाहेर निम्मी असावीत, टोक आणि काउल यांच्यात फट कमी.

रिकामा_टेम्पो:

गरम इंजिन चालू असताना वर्तमानपत्राची सुरळी पात्यात घालून बघतात. फॅन थांबला तर कपलिंग खराब. आमच्या अड्ड्यावर असंच करतात.

जुनं_डिझेल:

कृपा करून हे कुणी करू नका. कपलिंग चांगलं असेल तर पातं सुरळी आणि त्यामागची बोटं दोन्ही घेऊन जाईल. जुन्या प्लास्टिकच्या पात्याचा तुकडा उडून चेहऱ्यावर येऊ शकतो. बंद इंजिनावर हाताने फिरवून तेवढीच माहिती मिळते.

जाळीवाला_कोल्हापूर:

भावा, माझी रेडिएटर दुरुस्ती हाय, वडलांच्या वेळेपासनं. सगळी फॅनकडं बघायलीत ते बरोबरच हाय, पर जाळी बाहेरनं धुतली म्हणतोस ती कशी धुतलीस ते सांग. पुढनं प्रेशरनं पाणी मारलं असशील तर कचरा आत ढकलला गेला. तुझ्या गाडीला इंटरकूलर पुढं हाय, त्याच्या मागं रेडिएटर. त्या दोघांच्या मधल्या फटीत माती, किडं, गवताचं बी, सगळं जाऊन बसतंय. पुढनं बघितलं तर इंटरकूलर स्वच्छ, आणि मागं रेडिएटरला चिखलाचं प्लास्टर.

वरचं दोन बोल्ट सोड, इंटरकूलर जरा पुढं झुकव आणि बॅटरी मारून आत बघ. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूनं पुढं. प्रेशर कमी. जोरात मारलं तर पत्र्याच्या पाकळ्या मुरगळतात आणि मग हवा जायची वाटच बंद.

जाळी आतनं बुजलीय का ते बघायला ती सोडायची घाई नको. लेझरवालं थर्मामीटर मिळतंय, कुणाकडनं तरी माग. गाडी चांगली गरम झाली की जाळीवर वरनं खाली, डावीकडनं उजवीकडं फिरव. एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद. सगळीकडं गरमी हळूहळू उतरत गेली तर आतनं मोकळी हाय. पितळी जाळी असती तर टाकी उघडून सळई मारता येते, झाळता येते. अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असली तर सळईच्या नादाला लागू नको, बदलूनच टाक.

यंत्रशाळा:

त्याच थर्मामीटरने वरचा आणि खालचा होजही मोजा. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून काळ्या रबरावर किंवा काळी चिकटपट्टी लावून मोजा. घाटात तापल्यावर इंजिन चालू ठेवूनच मोजायचं. खालचा होज वरच्यापेक्षा खूपच गार असेल, वीस अंश किंवा त्याहून जास्त, तर पाणी जाळीतून फार हळू जातंय. मग वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), होज किंवा बुजलेली जाळी. दोन्ही होज जवळजवळ सारखेच तापलेले असतील तर पाणी फिरतंय, पण जाळीतून उष्णता काढून न्यायला हवा नाही.

यातून तुमच्या डॅशबोर्डचा काटा खरं बोलतोय का तेही कळेल. अर्थची वायर गंजली की काटा उगाच वर जातो.

हेड गॅस्केटसाठी ही तपासणी करा. रात्रभर उभी असलेली गाडी, झाकण उघडं, पाणी काठोकाठ. सुरू करा. पहिल्या एक-दोन मिनिटांत अडकलेल्या हवेचे थोडे बुडबुडे येतात, ते सोडून द्या. त्यानंतरही अखंड बुडबुडे येत राहिले, किंवा पाणी उसळून बाहेर आलं, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. दुसऱ्या दिवशी हेच झाकण लावून करा. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा घट्ट झाला तर तीही खूण गॅस्केटचीच, कारण एवढ्या लवकर पाणी तापून दाब तयार होत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ही पुढची लक्षणं. ऑइलमध्ये पाणी ऑइल कूलरमधूनही शिरू शकतं, तेव्हा तेवढ्यावरून हेड उतरवू नका. निळ्या द्रावणाचा टेस्टर असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तम. रेडिएटरच्या तोंडावर धरला आणि द्रावणाचा निळा रंग बदलला तर वायू शिरतोय.

गुहागर_बागायत:

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करत तपासलं, जसं दिसलं तसं लिहितो.

गॅस्केटची तपासणी आधी केली, कारण झोप त्यानेच उडाली होती. गार इंजिनावर सुरुवातीला थोडे बुडबुडे आले आणि थांबले. पुढे पाणी शांत. झाकण लावून सुरू केल्यावर होज बराच वेळ मऊच होता. ऑइल स्वच्छ आहे.

फॅन गार असताना हाताने फिरवला तर सहज फिरत राहतो, गरम असतानाही तसाच. तो घोंघाट आमच्या गाडीत मी कधीच ऐकलेला नाही, आणि तो असायला हवा हेही इथेच कळलं.

चिपळूणच्या एका मित्राकडे थर्मामीटर मिळालं. पेट्यांऐवजी चिरे भरून घाट चढलो. वरच्या वळणाजवळ थांबून इंजिन चालू ठेवून मोजलं: वरचा होज १०२, खालचा ९७. जाळीवर गार पट्टा कुठेच नाही. काटा खरंच बोलतोय.

कोल्हापूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे इंटरकूलर झुकवून आत पाहिलं. खालच्या तिसऱ्या भागात लाल माती आणि गवताचं बी अक्षरशः थापलेलं आहे. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

जुनं_डिझेल:

१०२ आणि ९७. पाच अंशांचा फरक. पाणी फिरतंय, जाळी मोकळी आहे, हवाच नाही. त्यात फॅन ढिला, काउल अर्धा, खाली मातीचं लिंपण, आणि थर्मोस्टॅट नसल्यामुळे थोडं पाणी बायपासनेच परत. एकेक गोष्ट सुटी असती तर गाडीने कदाचित निभावून नेलं असतं. हेड खोलू नका. तुमचं गॅस्केट अजून शाबूत आहे आणि ते तसंच ठेवायचं असेल तर आता एकदाही काटा लाल होऊ देऊ नका.

कपलिंग नवीन घ्या. काउल भंगार बाजारात त्याच मॉडेलच्या गाडीचा मिळतो. थर्मोस्टॅट तपासून परत बसवा.

रिकामा_टेम्पो:

कपलिंग महाग पडत असेल तर डब्याला स्क्रू मारून फॅन फिक्स करून टाकतात. कायम फुल फिरतो, तापायचा प्रश्नच नाही.

मोकळा_घाट:

रस्त्यात अडकलं असताना घरी पोचण्यापुरतं ठीक. कायमचं नको. फॅन पूर्ण वेळ इंजिनाच्या वेगाने फिरला की डिझेल जास्त पितो, आवाज डोकं उठवतो, आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये आरपीएम चढले की जुनी प्लास्टिकची पाती तुटायचा धोका. तुटलेलं पातं सरळ जाळीत घुसतं. माझ्या ओळखीतल्या एका गाडीचं रेडिएटर असंच फाटलं.

पार्ट्सताई:

कपलिंग घेताना जुनं समोर ठेवून फॅनच्या बोल्टचं अंतर आणि आट्याची दिशा जुळवा. नवीन कपलिंग फळीवर आडवं पडलेलं असेल तर बसवण्याआधी काही तास उभं ठेवा, आतलं तेल जागेवर येतं. आणि फॅन उलटा बसवता येतो हे लक्षात ठेवा, उलट्या फॅनने हवा जाते पण अगदी कमी. पात्यावर पुढची बाजू लिहिलेली असते.

कूलंट भरताना गाडीचं नाक चढाला करा, हीटर गरम ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. हवा अडकून राहिली तर चांगली दुरुस्ती केलेली गाडीही पहिल्याच चढाला तापते आणि लोक पुन्हा पार्टना दोष देतात.

गुहागर_बागायत:

काम झालं. नवीन कपलिंग, भंगारातून पूर्ण काउल, इंटरकूलरच्या मागची माती मागून पुढे धुऊन काढली. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात तपासला, ८२ ला हलला, उकळीपर्यंत पूर्ण उघडला, तोच परत बसवला. आत साध्या पाण्याने धुऊन निम्मं-निम्मं कूलंट भरलं. नवीन झाकणावर ०.७ लिहिलेलं निघालं, जुन्यावर ०.९. तेही बदललं. घाटात पाणी का कमी होत होतं त्याचं उत्तर बहुतेक हेच.

पेट्या भरून संध्याकाळी निघालो. निम्म्या घाटात काटा निम्म्याच्या किंचित वर गेला आणि फॅनचा घोंघाट सुरू झाला. सोबतचा पोरगा घाबरला, म्हणाला काहीतरी तुटलं. मला आनंद झाला. काटा तिथेच थांबला, वरच्या वळणांवरही पुढे गेला नाही. हेळवाकनंतर आवाज आपोआप गेला. माल वेळेत यार्डात पोचला. पुण्यात पोचल्यावर पाण्याची पातळी पाहिली, होती तिथेच.

जाळीवाला_कोल्हापूर:

लई बरं वाटलं भावा. पावसाळा संपला की इंटरकूलर पुन्हा झुकवून बघ, तुमच्याकडची लाल माती चिकटून बसती. आणि कूलंटला गंजाचा तांबडा रंग आला तर लगेच काढून टाक.

माणदेशी_वाहतूक:

धागा पूर्ण वाचला. माझी पण तशीच जुनी पिकअप आहे, डाळिंब घेऊन सांगोल्याहून पुण्याला. माझी मात्र उलट तक्रार आहे. गावात, गर्दीत, उभी असताना काही नाही. हायवेला ऐंशीच्या पुढे वेग धरला की काटा चढायला लागतो, साठवर आलं की उतरतो. मी पण कपलिंग बदलू का?

जुनं_डिझेल:

नको दादा. ऐंशीला वारा भरपूर असतो, तिथे फॅनचं काही चालत नाही. तुमच्याकडे पाणी पुरेसं फिरत नसावं. आधी खालचा होज बघा. झाकण उघडायचं नाही, गाडी गरम झाल्यावर कुणाला तरी आरपीएम वाढवायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडून लांबून त्या होजकडे बघत राहा. पट्टा आणि फॅनपासून हात, गळ्यातला गमछा दूर ठेवा. पंपाच्या ओढीने होज चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेलीय किंवा रबर मऊ पडलंय, होज बदला. होज ठीक असेल तर वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक छिद्रातून पाण्याचे ओघळ आलेत का ते बघा, आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही होजचे आणि जाळीचे आकडे घ्या. सांगोल्याकडे बोअरचं पाणी जड, तेच भरत असाल तर गार पट्टे सापडायची शक्यता बरीच. आकडे आणि फोटो घेऊन वेगळा धागा काढा, तिथे बघू.